आधी सेंटर ठोकायचं

"बाबा, दिसून राहिलं का?" खडू खाली ठेवत रुचिताने विचारलं.

"दिसून तं चांगलं राहिलं," खाटेवर मांडी घालून बसलेले तिचे सासरे मारोतीराव म्हणाले, "समजून नाही राहिलं."

"तुमाले चौतीस वर्षांत इंजिन नाही समजलं, हे काय समजते!" चुलीशेजारी तिवऱ्याची भाजी निवडत बसलेल्या कांताबाईंनी आतून टोला दिला.

"मी मालडब्याच्या कारखान्यात होतो, इंजिनाच्या नाही. घ्या! लग्नाले बत्तीस वर्षं झाले, अजून बाईले पत्ता नाही नवरा कुठं कामाले होता."

रुचिताला हसू आलं, पण तिने ते दाबलं, कारण झोळीत मितू नुकतीच झोपली होती. घराच्या मधल्या आढ्याला बांधलेली जुन्या लुगड्याची झोळी, तिच्यात नऊ महिन्यांची संघमित्रा मेश्राम, आणि झोळीपासून तीन पावलांवर लोखंडी पेटीला टेकवलेला फळा. फळा मारोतीरावांनीच केला होता. प्लायवूडचा तुकडा घासून त्यावर काळ्या रंगाचे दोन हात मारले होते आणि "सुकेपर्यंत कोणी बोट लावाचं नाही" असं सगळ्यांना बजावून शेवटी स्वतःचंच बोट लावलं होतं. त्या बोटाचा ठसा वरच्या कोपऱ्यात अजून होता.

गुरुवारी साडेदहाला शहराच्या पलीकडच्या टोकाला एका खाजगी शाळेत रुचिताला वर्ग घेऊन दाखवायचा होता. तिथल्या गणिताच्या मॅडमना सरकारी नोकरी लागली. राजधानी झाल्यापासून रायपुरात असं रोज कुणाचं ना कुणाचं होत होतं. कुणी कुठून उठे, कुणी कुठे जाऊन बसे. भर जानेवारीत अकरावीचा वर्ग गणिताविना राहिला होता. रुचिताच्या अर्जाला आठ दिवसांत उत्तर आलं. विषय टाइप केलेला होता: 'कार्तीय समीकरणों का ध्रुवीय रूप'. वेळ चाळीस मिनिटं.

गोंदियाला बी.एस्सी. होऊन चार वर्षं झाली होती. पेटीच्या तळातून पुस्तक काढलं तेव्हा त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि आतल्या समासात तिच्याच अक्षरात लिहिलेलं तिला परक्या कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं होतं. पण दोन दिवसांत हात बसला. आता अडचण समजण्याची नव्हती, समजावण्याची होती. आणि त्यासाठी घरात तिला एकच विद्यार्थी मिळाला होता, वय वर्षं बासष्ट, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

"पाहा बाबा," तिने पुन्हा खडू घेतला. "एखादी जागा सांगायची तर दोन रिती. एक म्हणजे उजवीकडे किती आणि वर किती. हे x, हे y. पेपरात नव्या राजधानीचा नकाशा आला होता ना, चौकोन चौकोन? तसं. दुसरी रीत म्हणजे एका जागी उभं राहायचं, कुठल्या दिशेला तोंड करायचं ते ठरवायचं, आणि किती दूर जायचं ते सांगायचं. दूर म्हणजे r, दिशा म्हणजे थीटा."

"मंग असं बोल नं!" मारोतीराव एकदम खाटेवरून उतरले. "हे तं आमचं काम. पाइपाच्या तोंडाले लोखंडाची गोल चकती राहते, फ्लँज. तिले चार भोकं पाडाचे. एक नवा पोट्टा आला होता, आयटीआय करून. त्यानं काय केलं, पट्टी घेतली अन् कडेपासून मोजलं. आडवं इतकं, उभं इतकं. चारही भोकं आपापल्या गावाले! बोल्टच बसे ना. मी म्हटलं, अबे, आधी सेंटर ठोकायचं. सेंटरले पंच मार, कंपास लाव, मंग कोन फिरव. नव्वद, नव्वद, नव्वद. भोक जाईन कुठं?"

"तेच तर आहे हे," रुचिता म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं. पाच दिवस पुस्तकात शोधत होती ते वाक्य सासऱ्यांच्या तोंडून पडलं होतं.

"पण हे काय?" मारोतीरावांनी फळ्यावरच्या तिसऱ्या वर्तुळावर बोट ठेवलं. x² + y² = 6x. "याचं सेंटर तं बीचमध्ये आहे. तू उभी कडेवर. काहून?"

"इथं कुठं उभं राहायचं ते आपण ठरवतो, बाबा. वर्तुळाचा मध्य कुठंही असो. हे समीकरण कडेवरून पाहिलं की सोपं होतं. r² = 6r कॉस थीटा. एक r कापला की झालं, r = 6 कॉस थीटा."

"असं कसं कापलं?"

"तेच सांगायचं राहिलं. शून्यानं भागता येत नाही, म्हणून r शून्य असेल तर काय, ते आधी पाहावं लागतं." तिने वहीत त्या ओळीपुढे लाल पेनने मोठी चांदणी काढली. हे विसरायचं नाही.

झोळी हलली. खडू रुचिताच्या हातातून कधी सुटला ते तिचं तिलाही कळलं नाही.

तसं पाहिलं तर थीटा आणि r ती गेले नऊ महिने रोजच वापरत होती. चूल झोळीपासून डावीकडे चार पावलं. मागच्या अंगणातला नळ नऊ पावलं, तिथवर कुरकुर ऐकू येते. समोरच्या कुसुमचं दार बावीस पावलं, तिथवर फक्त मोठं रडणं पोहोचतं आणि मालगाडी जात असली तर तेही नाही. म्हणून कुसुमकडे जायचं ते मालगाडी जाऊ देऊन. बावीसच्या पलीकडे रुचिता मितूला सोडून एकदाही गेली नव्हती. नवरा प्रशिक थट्टेने म्हणे, "तेरा तो खूँटा गड़ा है," आणि ती म्हणे, "गड़ा है तो गड़ा है."

आणि आता ही शाळा. सायकल रिक्षाने पाऊण तास.

कुसुम एका प्राथमिक शाळेत शिकवायची, तिला असल्या गोष्टींची माहिती होती. बुधवारी संध्याकाळी ती जयभीम करत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "अवं रुचिता, एक गोष्ट ध्यानात ठेव. लेकरू आहे म्हणून सांगजो नको."

"काहून?"

"माह्या मावसबहिणीले विचारलं, बच्चा है क्या? तिनं सांगितलं, है, पाँच महीने का. ते म्हणाले, ठीक है, खबर करेंगे. तीन वर्षं झाले, अजून खबर करूनच राहिले. अंगावर पितं लेकरू म्हटलं की त्याईले वाटते, आज ताप, उद्या जुलाब, परवा बाई गायब. विचारलं तं तू म्हणजो, शादी हुई है. बस."

"खोटं बोलू?"

"खोटं कुठं? शादी तं झालीच आहे नं!"

प्रश्न खोटं बोलण्यापुरता असता तर सोपा होता. मितू वाटी-चमच्याने दूध घेत नव्हती. गेले आठ दिवस कांताबाई प्रयत्न करत होत्या. चमचा दिसला की पोरगी ओठ असे मिटायची की जणू कुणी तिच्याकडून अंगठा घ्यायला आलंय. आणि दूध तोंडात गेलंच तर ते फुर्रकन आजीच्या चष्म्यावर यायचं. "बापावर गेली," कांताबाई चष्मा पुसत म्हणायच्या. "तोही असाच नालायक होता."

शेवटी असं ठरलं की सगळ्यांनीच जायचं. सव्वादहाला शाळेच्या अलीकडे रिक्षातच शालीआड मितूला पाजायचं. मग रुचिता आत, आणि सासू-सासरे मितूला घेऊन कोपऱ्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर. टपरी रुचिताने आदल्या रविवारी मितूला कडेवर घेऊन जाऊन पाहून ठेवली होती. गेटपासून एकशे दहा पावलं. रडणं ऐकू येणार नाही.

प्रशिकची भनपुरीच्या कारखान्यात पहिली पाळी होती. पहाटे डबा घेऊन निघताना त्याने तिघांची तयारी पाहिली. आईची ठेवणीतली साडी, वडलांचा इस्त्रीचा शर्ट, मितूचं झालरीचं टोपडं. "इंटरव्यू है कि बारात?" तो म्हणाला, आणि मग दारातून परत येऊन रुचिताच्या कानाशी हळूच म्हणाला, "घबराना मत. जितना आता है, उतना ही बहुत है."

---

अकरावीच्या वर्गात चाळीसेक मुलंमुली होती. मागच्या बाकावर दोघं बसले होते. एक प्राचार्या पद्मिनी मॅडम. तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातल्या, कडक सुती साडी, चष्मा साखळीला. दुसरे शालिग्राम साहू सर, तीस वर्षं गणित शिकवून केस पांढरे झालेले, हातात लहानशी डायरी. पद्मिनी मॅडमनी ऑफिसात फक्त प्रमाणपत्रं पाहिली होती. घरी कोण कोण असतं ते विचारलं, तेव्हा रुचिता "सास-ससुर, पति" म्हणाली आणि थांबली. मॅडमही थांबल्या. मग म्हणाल्या, "चलिए, क्लास में."

विषय तिने फळ्यावर लिहिला. फिकट आकाशी साडीचा पदर तिने दोनदा सारखा केला. मग ती मुलांकडे वळून म्हणाली, "गुढ़ियारी में किसी का घर पूछो, तो क्या बताते हैं? यह तो नहीं बताते कि तीन सौ मीटर पूरब, दो सौ मीटर उत्तर."

"नहीं मैडम," पुढच्या बाकावरची एक दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. "बोलते हैं, टंकी के पास खड़े हो जाओ, पटरी की तरफ़ मुँह करो, और सीधे इतना जाओ."

"नाम क्या है?"

"सोनिया."

"बस, सोनिया ने आज का आधा चैप्टर पढ़ा दिया."

वर्ग हसला. तिने फ्लँज सांगितली, भोकं सांगितली, कडेपासून मोजणारा आयटीआयचा मुलगाही सांगितला. x² + y² = 25 चं r = 5 झालं, तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, "बस इतना ही?" ती म्हणाली, "बस इतना ही. इतनी लंबी लाइन थी, कहाँ खड़े होना है वो समझ में आया तो इतनी-सी रह गई." मग x = 4 ची उभी रेषा झाली. ती लिहून झाल्यावर रुचिता सवयीने मागच्या बाकाकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली,

"बाबा, दिसून राहिलं का?"

आणि चाळीस जण एकदम फुटले. रुचिताच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. शालिग्राम सरांनी डायरीतून मान वर केली, डोळे बारीक करून फळ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "दिख रहा है बेटा. थोड़ा बड़ा लिखो तो और दिखेगा."

पुन्हा हशा, पण आता तो तिच्या बाजूचा होता. ती वळून तिसरं समीकरण मोठ्या अक्षरात लिहू लागली. x² + y² = 6x.

आणि तेव्हाच तिला ते ऐकू आलं.

एकशे दहा पावलांवरून नाही. डावीकडच्या खिडकीखालून, फार तर सात पावलांवरून. आधी एक 'अं', मग श्वास ओढायला लागतो तेवढा खंड, आणि मग पूर्ण आवाजातलं रडणं. जगातल्या कुठल्याही लेकराचं असू शकलं असतं, पण नव्हतं. तिच्या आधी तिच्या अंगाला कळलं. छातीत ती ओळखीची कळ आली, गरम, सुया टोचल्यासारखी. रिक्षात घाईघाईत मितूने नीट घेतलंच नव्हतं. आकाशी ब्लाउज दोन्ही बाजूंनी भिजत चालल्याचं रुचिताला न पाहता समजलं.

तिने टेबलावरची प्रमाणपत्रांची फाइल उचलून छातीशी धरली आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. हात लिहीत होता. r² = 6r कॉस थीटा. दोन्हीकडचा r कापला. r = 6 कॉस थीटा. खिडकीखालचं रडणं थोडं पुढे सरकलं, परत आलं. कुणीतरी तिला घेऊन फेऱ्या मारत होतं. त्या चपलांचा आवाजही तिला ओळखू आला.

"मैडम," मागून शालिग्राम सरांचा आवाज. "आपने r काट दिया."

"जी सर."

"शून्य से तो नहीं काट दिया? r शून्य हो, तो वह बिंदु कहाँ गया?"

लाल पेनची चांदणी! घरी घोकून ठेवलेली तीच एक गोष्ट ती सोडून गेली होती. उत्तर तिला येत होतं. पण ते सांगायचं तर दाखवावं लागणार होतं. आणि दाखवायचं तर वर्गाकडे तोंड करून, दोन्ही हात मोकळे ठेवून. घरी तिने ते तसंच बसवलं होतं. डाव्या हाताचं बोट उभं राहायच्या जागेवर दाबायचं, उजव्या हातातला खडू वर्तुळावरून फिरवत आणायचा.

फाइल धरून ते होत नव्हतं. तोंडी सांगून भागलं असतं? कदाचित. "देख लेंगे सर" म्हणूनही भागलं असतं, वर्गाला काय, दहा मिनिटांत घंटा होणार होती. बाहेर मितू आता थांबून थांबून रडत होती, हुंदक्याचं, थकल्याचं. आणि रुचिताला कुणाचा राग यावा तेच समजेना.

तिने फाइल टेबलावर ठेवली. पदर जेवढा पुरला तेवढा खांद्यावर खेचला. तो फारसा पुरला नाही. मग ती वळली.

"सर ने सही पकड़ा," ती म्हणाली. "काटने से पहले मुझे रुकना था. मैं नहीं रुकी. आप लोग रुकना. अब देखो, वह बिंदु खोया है कि नहीं."

डाव्या हाताचं बोट तिने फळ्यावर रोवलं. उजव्या हाताने खडू सरळ उजवीकडे नेला. "थीटा शून्य. कॉस एक. r छह. सबसे दूर. अब थीटा बढ़ाओ." खडू वर्तुळावरून वर चढू लागला आणि दोन हातांमधलं अंतर कमी होऊ लागलं. "साठ डिग्री. कितना?"

"तीन," सोनिया म्हणाली. तिने रुचिताकडे पाहिलं होतं, ब्लाउजकडेही. आणि मग नजर नेऊन फळ्यावर ठेवली होती आणि तिथून हलू दिली नव्हती. शेजारची मुलगी हसायच्या बेतात होती, तिला सोनियाने बाकाखालून पाय मारलेला रुचिताने पाहिला.

"अस्सी डिग्री. एक के आसपास. और नब्बे?"

"ज़ीरो!" चार-पाच आवाज.

खडू तिच्या बोटाला येऊन टेकला. "तो वह बिंदु यहीं है. इसी समीकरण के अंदर. अलग से लिखने की ज़रूरत नहीं. हमने काटा, फिर भी वह गया नहीं."

शालिग्राम सरांनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि डायरी मिटली. पद्मिनी मॅडम उठल्या होत्या. खिडकीकडे पाहत होत्या. तिथे, खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेवर, झालरीच्या टोपड्याचा शेंडा वर-खाली होत होता.

"मैडम," रुचिता म्हणाली. कुसुमचा चेहरा डोळ्यांपुढे आला, पण आता इलाज नव्हता. आणि खरं म्हणजे तिला एकदम हलकं वाटत होतं. "वह मेरी बेटी है. नौ महीने की. आपने पूछा था तब मैंने बताया नहीं."

---

ऑफिसात मितू पदराआड चुरूचुरू पीत होती. मारोतीराव भिंतीशी उभे होते, खुर्ची देऊनही बसले नव्हते. कांताबाई बसल्या होत्या आणि नवऱ्याकडे असं पाहत होत्या की घरी गेल्यावर काय होणार ते सगळ्यांनाच कळावं.

"आप अंदर आए कैसे?" पद्मिनी मॅडमनी विचारलं.

"चौकीदार को बोला, स्टाफ है," मारोतीराव म्हणाले. "रेल्वे में आदत पड़ गई, मैडम. स्टाफ बोलो तो गेट खुलता है."

"पर आए क्यों?" हा प्रश्न शालिग्राम सरांचा.

मारोतीरावांनी इस्त्रीच्या शर्टाची कड ओढली. "सर, सात दिन से घर में क्लास चल रही थी. मैं एक दिन भी नहीं छोड़ा. आखरी दिन ही छूट जाता." मग रुचिताकडे वळून खालच्या आवाजात, "मले फक्त फ्लँज आयकाची होती बेटा. फ्लँज झाली की मी जाणारच होतो. पण या पोरीनं तुहा आवाज ओळखला नं. मी काय करू?"

"तिकडं टपरीवर मी म्हणूनच राहिली होती, जाऊ नका, जाऊ नका," कांताबाई म्हणाल्या. "हे म्हणे, लघवीले जातो. लघवीले लेकरू घेऊन कोण जाते?"

शालिग्राम सर तोंडावर डायरी धरून खोकले. पद्मिनी मॅडमनी चष्मा काढला आणि साखळीला सोडून दिला. आणि त्या मराठीत बोलल्या, तात्यापाऱ्याच्या घोटीव मराठीत.

"बाळ वरचं काही घेत नाही का?"

"अजून नाही, मॅडम."

"घेईल. माझा पराग दहाव्या महिन्यापर्यंत असाच होता." त्यांनी टेबलावरचं वेळापत्रक पुढे ओढलं. "आपली छोटी सुट्टी अकरा-वीसला असते. पंधरा मिनिटं. शिवणकामाच्या खोलीत कुणी नसतं तेव्हा. आजोबा बाळाला घेऊन येतील?"

"रोज?" मारोतीरावांनी विचारलं.

"रोज. पण खिडकीखाली नाही. गेटवर वहीत नोंद करून, रीतसर."

"येईन नं," मारोतीराव म्हणाले, आणि तेव्हा कुठे खुर्चीत बसले.

रिक्षात कांताबाई म्हणाल्या, "कुसुमले काय सांगशीन?"

"सांगेन, विचारलं तेव्हा सांगितलं नाही, मग सगळ्या वर्गाला दाखवलंच," रुचिता म्हणाली. आणि दोघी अशा हसल्या की रिक्षावाल्याने पॅडल थांबवून मागे पाहिलं. मारोतीरावांना विनोद समजला नाही. त्यांनी मितूचं टोपडं सारखं केलं आणि विचारलं, "फ्लँज चांगली झाली होती नं?"

---

रोज अकरा-वीसला घंटा व्हायची आणि हातावरचा खडू झटकत रुचिता शिवणकामाच्या खोलीकडे निघायची, तेव्हा मारोतीराव गेटच्या आत उभे असायचे. शर्ट इस्त्रीचा. सिटी बसचा नेम नाही म्हणून ते नऊलाच घरातून निघत. पंधरा मिनिटांनी मितूला परत घेऊन ते जात आणि जाताना चौकीदाराला सलाम करत. पहिल्या आठवड्यात रुचिताला वाटलं होतं, हे आठ दिवसही टिकणार नाही. जानेवारी संपला, फेब्रुवारी गेला. अकरावीचा अभ्यासक्रम परीक्षेच्या चार दिवस आधी पुरा झाला. आता ती दाराबाहेर पडताना पावलं मोजत नव्हती, आणि मोजत नाही हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

मार्चमधल्या एका सोमवारी घंटा झाली आणि गेटवर कुणी नव्हतं. रुचिता पूर्ण पंधरा मिनिटं उभी राहिली. ताप? बस उलटली? चौकीदार म्हणाला, "आज दादाजी नहीं आए, मैडम." उरलेले दोन तास तिने कसे शिकवले ते तिलाच ठाऊक. घरी धावत पोहोचली तर मितू अंगणात बसून थाळी बडवत होती, गालाला खिचडी.

"वाटीभर खाल्ली माय!" कांताबाईंनी तिच्यासमोर रिकामी वाटी उलटी करून दाखवली. "आपल्या हातानं. मंग झोपली तं उठेचना. म्हटलं, कायले नेता झोपल्या लेकराले."

रुचिता मितूजवळ बसली. मितूने एक शीत उचलून तिच्या तोंडात कोंबलं. छान झालं, ती म्हणाली. खरंच छान झालं होतं. छाती मात्र दुपारभर ठणकत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती वर्गातून बाहेर आली आणि गेटशी थबकली. मारोतीराव उभे होते. मितू त्यांच्या हातावर.

"आज भूक नाही तिले," ते जरा ओशाळून म्हणाले. "घरून खाऊन निघाली. पण नऊ वाजले अन् हे दाराकडे पाहूनच राहिली. मीबी पाहूनच राहिलो."

मितूने आईकडे पाहिलं, ओळखीचं हसली, आणि हात पुढे केला तो तिच्या बोटांतल्या खडूकडे. रुचिताने तिला घेतलं. पिण्यासाठी ती वळली नाही. खडू हातात घेऊन ती आईच्या खांद्यावरून मैदानातल्या मुलांकडे पाहत राहिली.

घंटा झाली. दोघं गेल्यावर रुचिता चौकीदाराच्या टेबलाशी थांबली. भेटीची वही उघडीच होती. इतक्या दिवसांत ती वाचायचं तिला कधी सुचलं नव्हतं. मारोतीरावांचं अक्षर सरळ, दाबून लिहिलेलं, कागदावर कोरल्यासारखं. पानामागून पानं एकच ओळ. 'आगंतुक: कु. संघमित्रा मेश्राम. साथ में: दादा.' 'किससे मिलना है: मेश्राम मैडम, गणित.' आणि शेवटच्या रकान्यात, 'काम: दूध.'

आजच्या ओळीतही त्यांनी आधी 'दूध'च लिहिलं होतं. ते पट्टी लावून एका रेषेत खोडलं होतं. आणि वर, तेवढ्याच नेटक्या अक्षरात, लिहिलं होतं: 'भेंट'.